अडले कुठे, ते लिहून ठेवा : मुक्तस्रोत प्रकल्प आणि वाचकांचे प्रश्न

मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना प्रोग्रॅमर जितके लागतात, तितकेच माहिती लिहिणारे लागतात, असे एक वाक्य मी मागे या सदरात ओघात लिहून गेलो होतो. त्यावर पुणे आणि परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांतील पाच येथे घेतली आहेत, आणि सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. सॉफ्टवेअर कसे वापरायचे ते लिहिण्याच्या या कामासाठी 'दस्तऐवजीकरण' हा शब्द शासकीय परिपत्रकात शोभून दिसतो. या क्षेत्रातली माणसे मात्र 'डॉक्युमेंटेशन' किंवा नुसते 'डॉक्स' म्हणतात, म्हणून मीही तेच शब्द वापरणार आहे.

प्रश्न : मी कोथरूडला राहते आणि मराठी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आहे. भाच्याने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिली, तेव्हापासून इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या कळफलकावर लिहिते. 'सह्याद्रीच्या दऱ्या' असे लिहायचे होते, पण दर वेळी 'दर्या' उमटत होते. टंकलेखनाच्या त्या मुक्तस्रोत साधनाच्या मदत-पानावर याविषयी अवाक्षरही नव्हते. तीन संध्याकाळी घालवल्यावर उपाय सापडला. तो त्या पानावर जावा असे वाटते, पण मला प्रोग्रॅमिंगचा गंध नाही. मी यात पडावे का?

उत्तर : आपणच पडावे. ज्याने ते साधन लिहिले, तो या जागी कधी अडलाच नसेल, कारण एक तर तो मराठी लिहीत नसेल किंवा कोणती कळ दाबायची हे त्याला आधीपासून ठाऊक असेल. आपण अडलात, आणि नेमके कुठे अडलात हे आज आपल्या लक्षात आहे. आणखी महिन्याभराने बोटे आपोआप चालू लागतील आणि यात अवघड काय होते हेच आठवणार नाही. म्हणून पहिले काम हे की त्या तीन संध्याकाळींत काय काय करून पाहिले आणि काय उमटले, ते आजच वहीत उतरवून ठेवावे.

आपली अडचण एकटीची नाही. असे प्रकल्प जेथे ठेवले जातात त्या गिटहब या संकेतस्थळाने २०१७ मध्ये मुक्तस्रोत क्षेत्रातील लोकांचे सर्वेक्षण केले होते. त्यात ९३ टक्के लोकांनी अपुरे किंवा जुनाट डॉक्युमेंटेशन ही सर्वत्र भेडसावणारी अडचण असल्याचे सांगितले, आणि त्याच सर्वेक्षणात योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांनी आपण डॉक्युमेंटेशनला क्वचितच हात लावतो किंवा कधीच लावत नाही, असेही कबूल केले. गरज सगळ्यांना दिसते आणि काम कोणी करत नाही, हे चित्र आपल्याकडच्या सोसायट्यांच्या वार्षिक सभांना जाणाऱ्यांस नवे वाटणार नाही.

आता आपल्या उपायाकडे वळू. 'मराठीत अर्धा र नीट येत नाही, कृपया माहिती द्यावी' एवढेच कळवल्यास ती तक्रार होते, आणि तिचे उत्तर शोधण्याचे काम पुन्हा दुसऱ्या कोणावर तरी पडते. आपल्याकडे उत्तर आहे, तेव्हा पानावर जायचे वाक्यच लिहून द्यावे. मी ते साधारण असे लिहीन : "मराठीतील 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' अशा शब्दांतील अर्धा र उमटवण्यासाठी नेहमीच्या 'र' ऐवजी खाली बिंदू असलेला 'ऱ' वापरावा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे, त्यानंतर हलन्तासाठी डी आणि मग पुढील अक्षराची कळ दाबावी. साधा 'र' घेतल्यास पुढील अक्षरावर रफार येतो, आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग न उमटता 'दर्या' म्हणजे समुद्र उमटतो." मूळ पान इंग्रजीत असल्याने हे इंग्रजीत द्यावे लागेल. ते सोप्या, आखूड वाक्यांत असले की पुरे, व्याकरणाच्या चुका तपासणारा सुधारून घेतो.

या नमुन्यातील समुद्राचे शेवटचे वाक्य गाळू नये असा माझा आग्रह आहे. आपला बदल स्वीकारायचा की नाही हे ठरवणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे प्रकल्पाच्या मेंटेनरला, मराठी येत असेलच असे नाही. रफार आणि अर्धा र हा त्याच्या दृष्टीने दिसण्यातला किरकोळ फरक ठरण्याची शक्यता आहे. त्या फरकाने डोंगराचा समुद्र होतो हे त्याला कळले, की हा बदल हौसेचा नसून गरजेचा आहे हे निराळे पटवून द्यावे लागत नाही.

एक बारकावा भाच्याकडून तपासून घ्यावा. हाच अर्धा र साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचे अदृश्य चिन्ह देऊनही उमटतो. प्रत्येक अक्षराचा संकेतांक ठरवणाऱ्या युनिकोड या प्रमाणाने जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून ती वाट खुली ठेवली आहे. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण आतील संकेतांक वेगळे असल्याने एका पद्धतीने लिहिलेला शब्द शोधताना दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला पुष्कळदा सापडत नाही. म्हणून आपल्या वाक्यात 'ऱ' ची पद्धत द्यावी आणि ती इनस्क्रिप्टपुरती आहे हेही स्पष्ट लिहावे. उच्चारानुसार इंग्रजी अक्षरांनी लिहायच्या फोनेटिक कळफलकावरील कळा वेगळ्या असतात, आणि जे आपण स्वतः करून पाहिलेले नाही ते पानावर घालू नये.

हे पोचवण्याची रीत वाटते तितकी अवघड नाही. पुष्कळ प्रकल्पांच्या मदत-पानांवर पेन्सिलीचे चिन्ह किंवा 'हे पान संपादित करा' अशा अर्थाचा दुवा असतो. गिटहबवर किंवा प्रकल्प जेथे असेल तेथे खाते उघडून तो दुवा दाबला, की सगळ्या प्रकल्पाची आपल्या नावावर एक प्रत तयार होते. तिला फोर्क म्हणतात. मजकूर बहुधा मार्कडाउन नावाच्या साध्या खुणांच्या पद्धतीत असतो. शीर्षकाआधी एक चौकट-खूण (#) आणि ठळक शब्दाभोवती ताराचिन्हे इतके कळले की पहिल्या दिवशी भागते. बदल करून 'पुल रिक्वेस्ट' पाठवायची, म्हणजे 'माझा बदल आपल्या पानात घ्यावा' अशी विनंती करायची. सोबत तीन-चार ओळींत अडचण काय होती, साधनाची आणि लिनक्सची कोणती आवृत्ती होती आणि उपाय कसा पडताळला, हे लिहावे. हेही जड वाटले तर 'इश्यू', म्हणजे अडचणीची नोंद, उघडून वाक्य त्यात घालावे, पण त्यापूर्वी तेथील शोधखिडकीत पाहून हेच कोणी आधी कळवले आहे का याची खात्री करावी.

प्रश्न : मी कर्वेनगरला राहून अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकतो. बायोडेटात मुक्तस्रोत योगदान दिसावे म्हणून एका मोठ्या प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या पहिल्या पानात, काही शब्द बदलून पुल रिक्वेस्ट पाठवली. ती कारण न देता दहा मिनिटांत बंद केली आणि वर 'स्पॅम' असे लेबल लावले. नवशिक्यांशी असे वागणे योग्य आहे का?

उत्तर : लेबल कठोर आहे, पण त्यामागे इतिहास आहे, आणि तो तुमच्या पिढीला माहीत असायला हवा. डिजिटलओशन कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' हा उपक्रम चालवते. २०२० मध्ये चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. त्या टी-शर्टसाठी हजारो जणांनी रीडमीत 'अप्रतिम प्रकल्प' असे शब्द घालून, स्वल्पविराम हलवून विनंत्यांचा पाऊस पाडला. फुकट वेळ देऊन प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर ते निस्तरता निस्तरता इतके त्रासले, की आयोजकांना त्याच ऑक्टोबरात नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतःहून सहभाग नोंदवला आहे त्यांचेच योगदान मोजायचे, असे जाहीर करावे लागले. त्या गर्दीत आपल्या देशातील विद्यार्थी पुष्कळ होते, हे सांगताना मला आनंद होत नाही. तुमचे शब्द चांगल्या हेतूने बदललेले असतीलही, पण बघणाऱ्याला तो हेतू दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त बदल.

तुम्हाला खरे काम सुचवतो, आणि ते वसतिगृहाच्या खोलीत बसून होण्यासारखे आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील लहान-मध्यम प्रकल्पांची 'इन्स्टॉलेशन' पाने घ्या. त्यांतील कित्येक पानांवर आजही 'सुडो पिप इन्स्टॉल' अशी पहिली आज्ञा आढळेल. पिप हे पायथनची पॅकेजे बसवणारे साधन, आणि सुडो म्हणजे ते प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे. डेबियन आणि उबुंटू ही लिनक्सची वितरणे, म्हणजे लिनक्सचे तयार संच. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ वर आणि त्यानंतरच्या उबुंटूवर ही आज्ञा दिली, की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट' अशी चूक येऊन काम तेथेच थांबते, कारण पेप ६६८ या पायथन प्रस्तावानुसार ऑपरेटिंग सिस्टिमने बसवलेल्या पायथनमध्ये पिपला ढवळाढवळ करू द्यायची नाही, असे त्या वितरणांनी ठरवले. तुमच्या लॅपटॉपवर हे कदाचित दिसणार नाही, कारण त्यावर आधीच सतरा गोष्टी बसवलेल्या असतात. म्हणून व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकात, कोरे डेबियन घ्या आणि पानावरील प्रत्येक आज्ञा, मनाने काही न भरता, आहे तशी चालवा. जेथे थांबाल तेथे चुकीचा पूर्ण संदेश टिपा. पायथनचे 'व्हेन्व्ह' हे साधन वापरून त्या प्रकल्पापुरते वेगळे वातावरण तयार केल्यावर काम पुढे सरकते का ते पाहा, आणि सरकल्यास ती पायरी पानात घालण्याची विनंती करा. असा बदल चार ओळींचा असतो, पण त्या चार ओळींमागे एक संध्याकाळ आहे हे मेंटेनरला वाचताक्षणी कळते.

विनंती पाठवण्यापूर्वी प्रकल्पाची 'कॉन्ट्रिब्युटिंग' नावाची, योगदानाचे नियम सांगणारी फाइल मात्र शेवटपर्यंत वाचा. ती न वाचताच विनंती पाठवणाऱ्यांना ओळखायला मेंटेनरला दहा मिनिटेही लागत नाहीत.

प्रश्न : हिंजवडीतील एका कंपनीत मी टेक्निकल रायटर आहे. शनिवार-रविवारी एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पासाठी लिहायचे आहे. कंपनीची हरकत येऊ शकते का?

उत्तर : येऊ शकते. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास नोकरीच्या ओघात तयार केलेल्या लेखनाचा पहिला हक्कदार मालक असतो. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या संगणकावर, कंपनीच्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या विषयावर लिहिले तर ते त्या व्याख्येत सहसा बसणार नाही, परंतु नोकरीचा करार कायद्याहून रुंद असू शकतो. म्हणून आधी तो वाचावा आणि मनुष्यबळ विभागाकडून ई-मेलवर परवानगी घ्यावी. तोंडी 'हो, हो, काही हरकत नाही' याला अर्थ नाही.

ही नुसती औपचारिकता नव्हे. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, प्रकल्पाने २००४ मध्ये सुरू केलेली आणि पुढे इतरांनी उचललेली एक पद्धत अशी, की प्रत्येक बदलाच्या शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लिहून, हे लेखन देण्याचा मला अधिकार आहे, असे लिहिणाऱ्याने स्वतःच्या नावानिशी सांगायचे असते. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनात बदल नोंदवताना, म्हणजे कमिट करताना, 'एस' हा पर्याय दिला की ती ओळ आपोआप पडते, आणि म्हणूनच लोक ती विचार न करता टाकतात. कंपनीच्या अंतर्गत पुस्तिकेतील परिच्छेद, तो आपणच लिहिलेला असला तरी, उचलून प्रकल्पात टाकू नये.

प्रश्न : मी नारायण पेठेत तीस वर्षे मुद्रितशोधन करतो. छपाईचे काम कमी झाले आहे आणि हातात वेळ आहे. मूळ इंग्रजी पाने तपासावीत की मराठी अनुवाद करावा? अनुवाद केला तर 'फाइल' लिहावे की 'संचिका'?

उत्तर : आपल्यासाठी दोन्ही दारे उघडी आहेत, पण मी आधी पहिले दार दाखवतो, कारण मुद्रितशोधकाला ते घरचे वाटेल. लिबरऑफिस हा कार्यालयीन सॉफ्टवेअरचा संच २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळा झाला आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था तो सांभाळते. त्याच्या रायटर, कॅल्क वगैरे विभागांची जाडजूड मार्गदर्शके स्वयंसेवक लिहितात, आणि ती लिबरऑफिस रायटरमध्येच लिहिली जातात. तपासणाऱ्याने कंट्रोल, शिफ्ट आणि सी या कळा एकत्र दाबून बदलांची नोंद सुरू करायची आणि मजकुरातच दुरुस्त्या करायच्या. खोडलेले आणि घातलेले शब्द रंगाने दिसतात, समासात शेरे लिहिता येतात. गॅलीवर लाल शाईने केलेल्या कामाची सवय असलेल्या माणसाला येथे गिट शिकावे लागत नाही. फक्त एक सवय बदलावी लागेल. पुस्तकाच्या मुद्रितात आपण मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहता. येथे मूळ प्रत म्हणजे चालू असलेले सॉफ्टवेअर. 'फॉरमॅट मेनूतून अमुक निवडा' असे वाक्य निर्दोष इंग्रजीत असेल, पण त्या मेनूत ते अमुक नसेल तर ती चूकच, आणि ती पकडायची तर प्रत्येक वाक्याबरोबर मेनू उघडून पाहिला पाहिजे.

अनुवादाची बाब थोडी नाजूक आहे. लिबरऑफिसचे पडद्यावरील शब्द आणि मदत-मजकूर वेबलेट नावाच्या साधनातून अनुवादित होतात आणि त्यात मराठीही आहे. शब्दांच्या एकवाक्यतेसाठी 'फ्युएल' हा प्रकल्प रेड हॅटच्या पुढाकाराने २००८ मध्ये सुरू झाला, आणि नेहमी लागणाऱ्या संज्ञांच्या याद्या त्याने मराठीसह अनेक भाषांत केल्या. त्या पाहून मगच स्वतःचे शब्द काढावेत. एका पानावर 'जतन करा', दुसऱ्यावर 'साठवा' आणि तिसऱ्यावर 'सेव्ह' असे झाले, की वाचक या तीन वेगवेगळ्या क्रिया समजतो.

'फाइल' की 'संचिका' या प्रश्नाला माझे उत्तर 'फाइल' असे आहे. 'संचिका' हा शब्द वाईट नाही, पण ज्या कारकुनासाठी आपण लिहितो तो कपाटातल्या कागदी गठ्ठ्यालाही फाइलच म्हणतो. उलट 'माउस'ला 'मूषक' करणाऱ्यांपासून जितके दूर राहावे, तितकेच 'सिलेक्ट करून डिलीट करा' असे लिहिणाऱ्यांपासूनही राहावे, कारण 'निवडून पुसून टाका' हे मराठी जिवंत आहे आणि ते सगळ्यांना कळते. याहून महत्त्वाचा नियम एकच : पडद्यावर मेनूचे नाव जसे दिसते तसेच मजकुरात द्यावे. बहुसंख्य मराठी लोकांच्या संगणकावर मेनू इंग्रजीत असतात. त्यांना 'संपादन' शोधायला सांगितले, तर ते 'एडिट' समोर असूनही चाचपडत राहतील.

आणि अनुवाद करायला घेतलेच, तर शंभर पानांचा संकल्प करू नये. मूळ पान बदलले की अनुवाद शिळा होतो, आणि शिळे मदत-पान हे नसलेल्या पानापेक्षा घातक असते, कारण वाचक त्यावर विश्वास ठेवतो. सॉफ्टवेअर बसवणे आणि पहिले काम पुरे करणे, एवढी दोन पाने घ्यावीत, ती वर्षभर मूळ पानाशी ताडत राहावीत, आणि अनुवाद कोणत्या आवृत्तीवरून केला तो आकडा पानाच्या डोक्यावर ठसठशीत लिहावा.

प्रश्न : माझे इंग्रजी कच्चे आहे. एआय चॅटबॉटकडून मजकूर लिहून घेऊन पाठवला तर चालेल का? आणि दुसरे, मी स्वतः लिहून पाठवलेली एक दुरुस्ती पाच आठवडे तशीच पडून आहे. पुन्हा विचारले तर उद्धटपणा ठरेल का? (चिंचवड)

उत्तर : पहिल्याचे उत्तर प्रकल्पागणिक बदलते. जेंटू या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये अशा साधनांनी तयार केलेले योगदान घ्यायचे नाही असे ठरवले आणि पुढच्याच महिन्यात नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पानेही तशीच भूमिका घेतली. अन्य काही ठिकाणी चालते, पण वापर केल्याचे सांगावे लागते. तेव्हा नियम आधी पाहावा. माझ्यापुरते सांगायचे तर, आपण लिहिलेल्या वाक्याचे व्याकरण तपासून घेणे आणि न लिहिलेले वाक्य मागून घेणे यांत मी फरक करतो. चॅटबॉट अस्तित्वात नसलेला पर्यायही अशा ठसक्यात सांगतो की खरा वाटावा. त्यातील प्रत्येक आज्ञा आपण चालवून पाहणार असाल तर मोडके इंग्रजी तसेच पाठवणे त्याहून कमी वेळात होते, आणि मेंटेनरला मोडके इंग्रजी वाचायची सवय असते.

दुसऱ्याचे उत्तर, जरूर विचारावे. लिनक्स कर्नलच्या स्वतःच्या मार्गदर्शनातही, पुन्हा आठवण देण्याआधी किमान एक आठवडा थांबावे, असे म्हटले आहे. आपण पाच थांबलात. आठवण देण्याआधी मधल्या काळात ते पान दुसऱ्या कोणी बदलले आहे का ते पाहावे. बदलले असल्यास आपली दुरुस्ती नव्या पानावर बसती करून घ्यावी आणि ती ताज्या आवृत्तीवर पुन्हा पडताळावी. मग त्याच विनंतीखाली एकच ओळ लिहावी : नवीन आवृत्तीवर पुन्हा तपासले, अडचण अजून कायम आहे, आपल्या सवडीने पाहावे. नवी विनंती उघडू नये आणि मेंटेनरच्या खासगी पत्त्यावर लिहू नये. तरीही महिनाभर उत्तर आले नाही, तर प्रकल्पात शेवटचा बदल कधी स्वीकारला गेला ती तारीख पाहावी. ती दोन वर्षांपूर्वीची असेल, तर उत्तर द्यायला तेथे कोणी उरलेले नसण्याचीच शक्यता अधिक, आणि आपली संध्याकाळ दुसऱ्या प्रकल्पाला द्यायला हरकत नाही.